राजापूरचे खासदार, बेळगावचा आवाज

दरवर्षी १७ जानेवारीला आपण बेळगावच्या हुतात्मा चौकात जमतो. १९५६ साली याच दिवशी पोलिसांच्या गोळीबारात पडलेल्या बांधवांना अभिवादन करतो, घोषणा देतो आणि आपापल्या घरी जातो. लगतची दुसरी तारीख मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. १७ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत बॅरिस्टर नाथ पै बोलले आणि त्यानंतर काही तासांतच, १८ जानेवारी उजाडताना, हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे.

माझे वडील त्या सभेला गेले होते. मी तेव्हा पाळण्यात होतो. पुढे कधीही नाथ पैंचा विषय निघाला की वडील एकच वाक्य बोलत, "ते आपले खासदार नव्हते, पण आपले होते." लहानपणी हे कोडे मला उलगडत नसे. खासदार आपला नसेल, तर तो आपला कसा? वकिलीत तीस वर्षे काढल्यावर, राज्यघटना आणि सीमालढ्याची कागदपत्रे पुनःपुन्हा वाचल्यावर, त्या वाक्याचा अर्थ थोडाफार हाती लागला आहे. तो मांडण्यासाठी हा लेख.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याचा. त्यांची जडणघडण मात्र बेळगावात झाली. आंबोलीचा घाट चढून वर आले की बेळगाव, उतरून गेले की सावंतवाडी आणि वेंगुर्ले; आज दोन राज्यांत विभागलेला हा मुलूख त्या काळी एकाच मुंबई इलाख्याच्या छायेत वावरत होता. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल घाट चढून बेळगावच्या पेठेत यायचा. त्या वाटेने माणसेही येत. १९४२ च्या चळवळीत नाथ पैंनी तुरुंगवास भोगला. पुढे ते लंडनला गेले, बॅरिस्टर झाले, युरोपातील समाजवादी युवकांत मिसळले आणि आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. १९५७ साली प्रजासमाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा तो भर होता. १९६२ आणि १९६७ सालीही राजापूरकरांनी त्यांनाच दिल्लीस पाठवले.

ते निवडून आले तेव्हा आपली अवस्था काय होती, हे आठवले पाहिजे. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्याला आणि बाकी जिल्हा कर्नाटकाला द्यावा, अशी शिफारस केली. १९५६ च्या पुनर्रचना कायद्याने ती रेघ पक्की झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी हा टापू म्हैसूर राज्यात गेला. तिकडच्या विधानसभेत एकीकरण समितीचे आमदार निवडून येत, पोटतिडकीने बोलत. पण तेथील बहुमत दुसऱ्या बाजूचे. मुंबईच्या विधानसभेत आपल्याविषयी सहानुभूतीचे भाषण होई. पण तेथे आपले मत नव्हते. लोकसभेत बेळगावचे प्रतिनिधी ब. ना. दातार होते, आणि ते केंद्रीय गृहखात्याचे राज्यमंत्री होते. राज्यांच्या सीमांचा विषय त्याच खात्याकडे होता. सरकारच्या बाकावर बसलेला मंत्री सरकारने आखलेल्या रेघेविरुद्ध उठून बोलणे अशक्यच. म्हणजे ज्या एकमेव सभागृहाला ती रेघ पुसण्याचा अधिकार होता, तेथे सीमाभागाची जागा भरलेली होती, पण सीमाभागाचा आवाज रिकामा होता.

ही पोकळी राजापूरच्या खासदाराने भरून काढली. बेळगाव त्यांच्या मतदारसंघात नव्हते, येथून त्यांना एक मतही मिळणार नव्हते. तरीही सीमाप्रश्नावर ते लोकसभेत पुनःपुन्हा उभे राहिले. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चार तत्त्वे महाराष्ट्राच्या मागणीचा पाया होती. नाथ पैंसारख्या वक्त्याच्या हाती पडल्यावर त्या तत्त्वांना केवळ प्रादेशिक हट्टाचे रूप उरले नाही. एखाद्या नागरिकाने कोणत्या राज्यात राहावे हे ठरवताना त्याचे मत विचारायचे की नाही, असा तो लोकशाहीचाच प्रश्न बनला.

स्थानिक दुःख राष्ट्राच्या भाषेत मांडण्याची ही हातोटी त्यांच्या साऱ्या संसदीय कामात दिसते. त्यांचा स्वतःचा मतदारसंघच पाहा. त्या काळचे तळकोकण मनिऑर्डरीवर जगत होते. घरातला कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, म्हातारी माणसे आणि बायकामुले गावात. मुंबईहून येणारी बोट देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत यायची आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की ती वाटही बंद. बेळगावात आगगाडी एकोणिसाव्या शतकातच आली होती. घाट उतरून गेलेल्या माणसाला मात्र तिची शिट्टी ऐकण्यासाठी पुन्हा घाट चढावा लागे. कोकणात रेल्वे हवी ही मागणी नाथ पैंच्या आधीपासूनची, अ. ब. वालावलकरांसारख्या ध्येयवेड्या माणसाने तिच्यासाठी आयुष्य वेचले. पण तिला संसदेत चिकाटीने उभे ठेवले ते नाथ पैंनी. हा मार्ग किफायतशीर ठरणार नाही, हे रेल्वे खात्याचे ठरलेले उत्तर. त्यावर नाथ पैंचा आणि त्यांच्यानंतर मधू दंडवत्यांचा युक्तिवाद असा, की मागास भागात रेल्वे विकासाच्या मागून येत नाही, तिच्या मागून विकास येतो. १९७१ च्या निवडणुकीत दंडवते राजापूरहून निवडून आले आणि सलग पाच वेळा येत राहिले. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा ते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाडी धावली. नाथ पैंच्या मृत्यूला तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती. लोकसभेत उच्चारलेला शब्द कधी कधी इतक्या सावकाश फळतो.

गोव्याचेही तसेच. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगीज अंमल सुरू होई. किल्ला तर अलीकडच्याच काठावर. कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदैवते गोव्यात, सोयरिकी गोव्यात. त्यामुळे गोवामुक्ती हा नाथ पैंच्या मतदारांच्या दारातला प्रश्न होता. दिल्लीत मात्र तो आंतरराष्ट्रीय धोरणाच्या कप्प्यात पडलेला. युरोपातील राजकारण जवळून पाहिलेल्या नाथ पैंना दोन्ही बाजू अवगत होत्या आणि त्यांनी सभागृहात व परदेशातही गोव्याची बाजू लावून धरली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. बाराव्या घटनादुरुस्तीने तो केंद्रशासित प्रदेश म्हणून राज्यघटनेत समाविष्ट झाला. चीनच्या आक्रमणाच्या आधी आणि नंतर झालेल्या चर्चांतही त्यांची भाषणे गाजली. पंडित नेहरू त्यांचे भाषण ऐकण्यासाठी आवर्जून सभागृहात येत, असे त्या काळच्या अनेकांनी सांगून ठेवले आहे. विरोधी बाकावरील तरुण खासदाराला मिळालेली ही दाद केवळ वक्तृत्वाला नव्हती. मागे अभ्यास असल्याखेरीज असे कान मिळत नाहीत.

आता त्या कामाकडे येतो, ज्यासाठी कायद्याचे विद्यार्थी त्यांना ओळखतात आणि जे वाचताना सीमाभागातला वकील म्हणून माझ्या मनात आजही दोन मते झगडतात.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निर्णय दिला. पंजाबातील जमीनधारणेच्या कायद्यावरून निघालेला हा वाद. अकरा न्यायमूर्तींपैकी सहांनी, सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्यासह, असे ठरवले की यापुढे संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. १९५१ च्या शंकरीप्रसाद आणि १९६५ च्या सज्जनसिंह खटल्यांत याच न्यायालयाने याच्या उलट मत दिले होते. एका मताच्या फरकाने घटनेचा अर्थ बदलला.

त्यानंतर चाळीस दिवसांच्या आत, ७ एप्रिल १९६७ रोजी, नाथ पैंनी लोकसभेत घटनादुरुस्तीचे अशासकीय विधेयक मांडले. राज्यघटनेतील कोणतीही तरतूद, मूलभूत हक्कांसह, दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार अनुच्छेद ३६८ मध्ये निःसंदिग्धपणे नोंदवावा, हा त्याचा गाभा. अशासकीय विधेयकाचे नशीब आपल्याला ठाऊक आहे. शुक्रवारी दुपारचे अडीच तास, अर्धे रिकामे बाक, मंत्र्याचे आश्वासन आणि विधेयक मागे. स्वातंत्र्यानंतर आजवर अवघी चौदा अशासकीय विधेयके कायदा होऊ शकली आणि १९७० नंतर एकही नाही. नाथ पैंचे विधेयक मात्र देशभर गाजले. सरकारने त्याला अनुकूलता दाखवली, ते संयुक्त समितीकडे गेले, बार असोसिएशनपासून वृत्तपत्रांपर्यंत त्यावर वाद रंगले. त्यांना विरोध केवळ उजवीकडून झाला नाही. राममनोहर लोहियांसारखे समाजवादीही विरोधात उभे राहिले. बहुमताच्या हाती नागरिकाचे हक्क सोपवायचे का, हा त्यांचा सवाल होता. नाथ पैंचे उत्तर असे, की घटना लोकांनी निर्माण केली आहे, ती दुरुस्त करण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींचा आहे, आणि आजच्या पिढीने उद्याच्या पिढीचे हात बांधून ठेवणे लोकशाहीला मानवत नाही. हक्कांवर घाला घालण्याचा त्यांचा हेतू नव्हता. जमीनसुधारणा न्यायालयाच्या उंबरठ्यावर अडू नयेत, हे त्यामागचे कारण होते.

२७ डिसेंबर १९७० रोजी चौथी लोकसभा मुदतीआधीच विसर्जित झाली आणि विधेयक मंजूर न होताच राहिले. पण १९७१ साली इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणली; तिचे सूत्र नाथ पैंच्या विधेयकाचेच होते. ५ नोव्हेंबर १९७१ रोजी तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ती पाहायला नाथ पै नव्हते.

येथे माझ्यातला सीमावासी अस्वस्थ होतो. भाषिक अल्पसंख्याकांना आपली भाषा, लिपी व संस्कृती जपण्याचा हक्क अनुच्छेद २९ देतो. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क अनुच्छेद ३० देतो. खानापुरातली मराठी शाळा असो की भालकीतली, आज आपल्या हाती जी काही ढाल आहे ती हीच. दोन्ही अनुच्छेद मूलभूत हक्कांच्या भागात आहेत. नाथ पैंचे विधेयक जसेच्या तसे कायदा झाले असते, तर पुरेसे बहुमत मिळवणारे कोणतेही सरकार या ढालीवरही हात टाकू शकले असते. बहुमताने आपले काय केले, हे आपल्याला पुस्तकात वाचावे लागत नाही. म्हणूनच कोणी असे म्हणाले, की सीमाभागाचा हा कैवारी सीमाभागाच्या हिताविरुद्धच्या तत्त्वासाठी झगडत होता, तर त्याला उडवून लावता येणार नाही.

पण नाणे उलटून पाहिले की दुसरी बाजू दिसते. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ ने संसदेला दिला आहे. त्यासाठी राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि संबंधित विधानमंडळांचे मत मागवावे लागते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. अनुच्छेद ४ तर स्पष्ट म्हणतो की असा कायदा ही अनुच्छेद ३६८ खालील घटनादुरुस्ती समजली जाणार नाही. म्हणजे दोन तृतीयांश मतेही नकोत, साधे बहुमत पुरे. १९५६ साली आपल्यावरून गेलेली रेघ अशा साध्या बहुमताने आखली गेली आणि तशाच साध्या बहुमताने ती बदलता येते. ज्या हाताने जखम केली त्याच हातात औषध आहे. नाथ पै संसदेच्या सार्वभौमत्वाचा आग्रह धरत होते तो हे पूर्ण जाणून, असे मला वाटते. बेळगावच्या माणसाला संसदेवर रागावणे परवडते, संसदेवरचा विश्वास सोडणे परवडत नाही.

त्याच १९६७ साली, ऑगस्टमध्ये, महाजन आयोगाचा अहवाल आला. महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली होती. आयोगाने निपाणी आणि खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले आणि २४७ गावे उलट म्हैसूरला देऊ केली. महाराष्ट्राने तो नाकारला, त्याची अंमलबजावणी झाली नाही. आयोगाच्या शिफारशींचे प्रश्नचिन्ह पुन्हा संसदेच्या दारातच येऊन थांबले आणि तेथेच राहिले.

१९७३ साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी या वादाला आजचे रूप दिले. गोलकनाथचा निर्णय रद्द झाला. संसद कोणतीही तरतूद दुरुस्त करू शकते, हे नाथ पैंचे म्हणणे मान्य झाले. पण सात विरुद्ध सहा अशा मतांनी त्याला मर्यादाही पडली: घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हा नाथ पैंचा अर्धा विजय आणि लोहियांच्या शंकेचाही अर्धा विजय. सीमाभागातल्या माणसाला या दोन्ही अर्ध्यांची गरज आहे. रेघ बदलण्याइतकी समर्थ संसद त्याला हवी, आणि त्याच्या शाळेला हात लावताना थबकेल अशी संसदही हवी.

२००४ साली महाराष्ट्राने अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. कर्नाटकाचा त्यावरील मुख्य आक्षेप कोणता, ते पाहा: सीमा ठरवण्याचा अधिकार केवळ संसदेचा, न्यायालयाचा नव्हे. नाथ पैंचे तत्त्व आज प्रतिपक्षाच्या वकिलाच्या तोंडी आहे! दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल आणि त्याविषयी येथे अधिक बोलणे मला उचित वाटत नाही. पण प्रतिपक्षच जर संसदेचे दार दाखवत असेल, तर त्या दारावर आपण गेली कित्येक वर्षे किती वेळा थाप मारली, याचा हिशेब आपण स्वतःशी केला पाहिजे. दावा न्यायालयात आहे, एवढे उत्तर देऊन खासदारांना मोकळे सोडण्याची सवय आपल्यालाही लागली आहे.

संसदेत आज करण्याजोगे काम पुष्कळ आहे आणि त्यासाठी सीमानिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क घातला. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. अनुच्छेद ३५०ख खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो. त्याचे अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवले गेले पाहिजेत, असे घटनाच म्हणते. ते किती वेळेवर ठेवले जातात, त्यांवर चर्चा का होत नाही, मराठीतून कागदपत्रे मिळण्याबाबतच्या शिफारशींचे काय झाले, हे तारांकित प्रश्नाचे विषय आहेत. असा प्रश्न विचारणारा खासदार बेळगावचाच असला पाहिजे असे नाही. तो कोल्हापूरचा असू शकतो, सोलापूरचा, नांदेडचा, गोव्याचा किंवा इंदूर-बडोद्याचाही असू शकतो. नाथ पै तरी कुठे आपले होते?

म्हणून माझी एक विनंती आहे. हुतात्मा दिनानंतर आपण प्रत्येकाने आपल्या परिचयाच्या एका खासदाराला पत्र लिहावे. त्यात घोषणा नसावी. एक अनुच्छेद, एक गाव, एक शाळा आणि एक नेमका प्रश्न असावा. उत्तर समाधानकारक येईलच असे नाही. पण मंत्र्याने दिलेले उत्तर लोकसभेच्या कामकाजात कायमचे नोंदले जाते, आणि वकिलाला ठाऊक असते की आजची नोंद उद्याचा पुरावा ठरते. कोकण रेल्वेच्या पहिल्या मागणीपासून गाडी धावेपर्यंतचा काळ आठवला, की पत्र लिहिणाऱ्याने लवकर हात टेकू नयेत हेही कळते.

आमच्या बेळगावात नाथ पैंच्या नावाचा चौक आहे. कोर्टातून परतताना कधी त्या बाजूने येणे झाले, की वडिलांचे ते वाक्य आठवते. निवडणूक आयोगाच्या यादीप्रमाणे ते आमचे कोणीच नव्हते. लोकसभेत मात्र आमच्या बाजूचे वकीलपत्र त्यांनी स्वतःहून घेतले होते, आणि शेवटच्या संध्याकाळपर्यंत ते खाली ठेवले नाही.